घरचा लिनक्स सर्व्हर: आधी काम ठरवा, मग कमांड शिका

लिनक्सबद्दल वाचक जे विचारतात त्यात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शेल स्क्रिप्टिंगचा कोणता कोर्स करू? सर्व्हरसाठी कोणतं मशीन घेऊ? आणि सगळं बसवलं, घरात छान चालतं, पण ऑफिसमधून उघडत का नाही?

पहिले दोन प्रश्न सुटे सुटे विचारले जातात, म्हणून माणूस अडकतो. कमांडची यादी पाठ करून स्क्रिप्ट लिहिता येत नाही. काही कामच नसलेला सर्व्हर महिन्याभरात बंद पडतो. तेव्हा घरातलं नेमानं करावं लागणारं एक खरं काम निवडा आणि त्या कामाच्या निमित्ताने शेल आणि सर्व्हर दोन्ही शिका. या लेखात मी असं एकच काम धरलं आहे: घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो वर्षवार लावणं आणि त्यांची दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणं. (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची.)

मशीन: आधी कपाटात बघा

जुना लॅपटॉप ६४ बिटचा असेल आणि त्यात ४ जीबी रॅम असेल, तर फाइली, बॅकअप आणि स्क्रिप्ट एवढ्यासाठी तो पुरतो. फोटोंमधले चेहरे ओळखणारं इमिच किंवा सिनेमे दाखवणारं जेलिफिन चालवायचं असेल तर ८ जीबी धरा. ३२ बिटच्या मशीनचा मात्र नाद सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तसल्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावर यूपीएसचं काम करते, हा त्याचा मोठा गुण. पण टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तिच्यासकट तो लॅपटॉप दिवसरात्र चार्जिंगवर ठेवू नका, दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या. शिवाय झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो. सिस्टमडी-लॉगइनडीच्या सेटिंगमध्ये 'हँडल लिड स्विच'पुढे 'इग्नोर' लिहिलं की हा त्रास थांबतो.

विकतच घ्यायचं असेल तर ऑफिसांतून निघालेले छोटे मिनी पीसी बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे वापरलेले पीसी मिळतात. बिल आणि लेखी वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रास्पबेरी पाय चांगला आहे, पण त्याच्या एसडी कार्डावर सतत लिहिणं चालू राहिलं की कार्ड लवकर खराब होतं, म्हणून त्याला एसएसडी जोडा.

विजेचा हिशेब मांडूनच निर्णय घ्या. सरासरी १५ वॉट घेणारं मशीन दिवसरात्र चालू राहिलं तर महिन्याला सुमारे ११ युनिट जळतात, जुना ६० वॉटचा डेस्कटॉप ४३ युनिट खातो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात. तुमचं घर आधीच टप्प्याच्या काठावर असेल, तर फुकट मिळालेला डेस्कटॉप वर्षभरात महाग पडतो.

कोणतं लिनक्स?

डेबियन स्टेबल किंवा उबंटूची एलटीएस आवृत्ती. दोन्हींना सुमारे पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. यावर आठवडाभर वाद वाचत बसू नका, एक उचला. डेस्कटॉप बसवू नका, दुसऱ्या मशीनवरून शिरण्यासाठी एसएसएच सर्व्हर तेवढा निवडा. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये एका जागी नवखे हमखास अडतात: रूटचा पासवर्ड विचारतो तिथे पासवर्ड दिला, तर तुमच्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे रूटच्या वतीने कमांड चालवण्याचा, अधिकार मिळत नाही. ती जागा रिकामी सोडली की तो आपोआप मिळतो.

बसवून झाल्यावर लगेच करायच्या गोष्टी:

- मशीन वायफायऐवजी केबलने राउटरला जोडा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे पत्ता रोज बदलणार नाही.
- वेळेचा विभाग 'एशिया/कोलकाता' करा. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं: काही देशांत घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे होतं, तेव्हा रात्री १ ते ३ मध्ये लावलेलं काम एखाद्या दिवशी चुकू शकतं किंवा दोनदा होऊ शकतं.
- 'अनअटेंडेड अपग्रेड्स' चालू करा. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील.
- बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर सुरू हो' अशा अर्थाची सोय असेल तर ती चालू करा.

पहिली स्क्रिप्ट: हाताने करा, मग लिहून काढा

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्यातली मूळ तारखेची आणि ठिकाणाची माहिती काढून टाकतं. उरते ती फाइलीच्या नावातली तारीख. अँड्रॉइड फोनवर हे नाव आयएमजी, मग आडवी रेघ, मग आठ आकडी तारीख, पुन्हा रेघ, डब्ल्यूए आणि क्रमांक असं असतं. ही तारीख फोटो काढल्याची नाही, तो फोनवर आल्याची आहे. तरी वर्षवार लावायला ती पुरते.

आधी फोनमधला तो फोल्डर सर्व्हरवर आणा. केबलने लॅपटॉपवर उतरवून सांबाच्या (सर्व्हरने नेटवर्कवर वाटलेल्या) फोल्डरमध्ये टाकला तरी चालेल. मग सर्व्हरवर एसएसएचने शिरा आणि एकच फोटो हाताने हलवा: 'एमकेडीआयआर'ने २०२३ नावाचा फोल्डर करा, 'एमव्ही'ने फोटो त्यात टाका, 'एलएस'ने बघा. या तीन कमांड तुम्हाला आल्या. आता त्याच ओळी एका फाइलीत लिहा, पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता द्या, 'सीएचमॉड'ने फाइल चालवण्याजोगी करा. ही झाली स्क्रिप्ट. पुढची प्रत्येक गोष्ट या कामाला लागली म्हणून शिकायची.

पुढचे टप्पे साधारण या क्रमाने येतात:

1. शेकडो फोटो आहेत, म्हणून 'फॉर' लूप.
2. वर्ष नावातून काढायचं आहे. बॅशमध्ये चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावाला महिरपी कंसात घालून, कोलन देऊन 'पहिली चार अक्षरं सोड, पुढची चार घे' असं सांगता येतं. व्हिडिओंची नावंही तीन अक्षरं आणि रेघेनेच सुरू होतात, त्यामुळे तीच ओळ दोन्हींना चालते.
3. 'एमव्ही'च्या आधी 'एको' लिहा. म्हणजे काहीही हलणार नाही, काय हलणार आहे ते फक्त पडद्यावर दिसेल. यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय 'एको' काढू नका.
4. 'एमव्ही'ला 'मायनस एन' द्या. दोन फोनमधल्या दोन वेगळ्या फोटोंचं नाव एकच असणं अगदी शक्य आहे, आणि हा पर्याय नसेल तर दुसरा फोटो पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसतो.

शेवटचा मुद्दा पुरता सोडवायचा असेल तर प्रत्येकाच्या फोनसाठी वेगळा फोल्डर ठेवा. आईचे, बाबांचे, ताईचे फोटो एकत्र ओतण्यात तसाही फायदा नाही.

शेल कुठे फसवतं

सगळ्यात जास्त नुकसान अवतरणचिन्हं न घातल्याने होतं. 'गणपती २०२२ आरास' अशा नावाचा फोल्डर असेल आणि चल नावाभोवती दुहेरी अवतरण नसेल, तर शेल त्याचे तीन तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी फाइल समजतं. आपल्याकडे फोल्डरांची नावं सर्रास मोकळ्या जागा सोडून दिली जातात. म्हणून नियम पक्का करा: चल नाव आलं की दुहेरी अवतरण.

अशा बारीक चुकांत अनुभवी मंडळीही सापडली आहेत. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये 'आरएम' या पुसणाऱ्या कमांडच्या ओळीत एक मोकळी जागा चुकून पडली आणि वापरकर्त्यांच्या मशीनवरचा आख्खा 'यूएसआर' फोल्डर पुसला गेला. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरची चूक उघड झाली. फोल्डरचा पत्ता ठेवणारं चल ठरावीक परिस्थितीत रिकामं राहायचं आणि 'आरएम' थेट मुळापासून पुसायला लागायचं. 'सेट मायनस यू' ही सूचना वर लिहिली की न ठरवलेलं चल वापरताच स्क्रिप्ट थांबते. पण चल ठरवलेलं असून रिकामं असेल तर ती थांबत नाही. म्हणून 'आरएम'च्या आधी चल रिकामं नाही ना, हे वेगळं तपासा. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीच्या वर्षात स्क्रिप्टमध्ये 'आरएम' लिहूच नका. पुसायच्या फाइली एका बाजूच्या फोल्डरमध्ये हलवा आणि महिन्याने हाताने पुसा.

'सेट मायनस ई' चूक झाली की स्क्रिप्ट थांबवतं. ते जरूर लिहा, पण 'इफ'च्या अटीत चाललेली कमांड फसली तर ते थांबवत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरा घोटाळा असा: स्क्रिप्ट तुम्ही चालवली तर चालते, मित्राने सांगितल्याप्रमाणे पुढे 'एसएच' लावून चालवली की 'बॅड सबस्टिट्यूशन' म्हणते. डेबियन आणि उबंटूवर 'एसएच' म्हणजे बॅश नसून डॅश नावाचं लहान, वेगवान शेल असतं. वर्ष कापून घेणारी आपली ओळ त्याला कळत नाही. स्क्रिप्ट तिच्या नावाने चालवा किंवा पुढे 'बॅश' लावा.

मराठी नावांबद्दल एक गोष्ट क्वचितच कुठे लिहिलेली असते. ईएक्सटी४ फाइल सिस्टमवर फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंत असू शकतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेतं. त्यामुळे मराठी नाव ८५ चिन्हांच्या पुढे जात नाही. लेखाचं आख्खं शीर्षक नावात देणाऱ्यांची प्रत मध्येच अडते ती यामुळे.

प्रत्येक स्क्रिप्ट चालवण्याआधी 'शेलचेक'मधून तपासून घ्या. हे साधन फुकट आहे, न घातलेली अवतरणं ते ओळ क्रमांकासह दाखवतं आणि का चुकलं तेही सांगतं. माझ्या मते नवशिक्यासाठी यापेक्षा चांगला शिक्षक नाही. वाचायला विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' हे पुस्तक इंटरनेटवर मोफत मिळतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी आवाजातही आहेत. कुठून उतरवलेली किंवा चॅटबॉटने लिहून दिलेली स्क्रिप्ट वापरायला हरकत नाही, मात्र जी ओळ तुम्हाला वाचून समजावता येत नाही ती सुडोने चालवू नका.

आपोआप चालवणं

बहुतेक जण इथे ठरलेल्या वेळी कमांड चालवणारं क्रॉन वापरतात आणि 'हाताने चालते, क्रॉनमध्ये चालत नाही' अशी तक्रार करतात. कारणं बहुधा दोन. क्रॉनला पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तुमच्या नेहमीपेक्षा फारच तुटपुंजी मिळते, तेव्हा कमांडचे पूर्ण पत्ते द्या. आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'इथे ओळ संपली' असा अर्थ होतो. तारखेसाठी टक्के वापरायचे असतील तर ते स्क्रिप्टच्या आत ठेवा.

ज्या गावात वीज वारंवार जाते तिथे मी क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर सुचवतो. ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर क्रॉन ते काम सोडून देतं. टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू केलं तर मशीन सुरू होताच चुकलेलं काम केलं जातं. नोंदीही 'जर्नलसीटीएल'ने एका जागी वाचता येतात.

बॅकअप: परत आणून बघितल्याशिवाय तो धरू नका

दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारं रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवरून पुसलेला फोटो दुसरीवरूनही त्याच क्षणी जातो. जुना नियम चांगला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे महिन्यातून एकदा बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी नेऊन ठेवलेली, एन्क्रिप्ट केलेली डिस्कही चालते.

प्रत काढायला 'आरसिंक' उत्तम, पण त्याचे तीन खड्डे माहीत हवेत.

- मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, नाही दिली तर फोल्डरच जातो.
- 'डिलीट' पर्याय वापरत असाल आणि त्या रात्री मूळ डिस्क जोडलीच गेली नसेल, तर आरसिंकला मूळ फोल्डर रिकामा दिसतो आणि ते बॅकअपही रिकामा करतं.
- उलट बॅकअपची डिस्क जोडलेली नसेल, तर सगळी प्रत मुख्य डिस्कवरच लिहिली जाते आणि ती भरून सर्व्हर अडकतो.

शेवटच्या दोन्हींवर उपाय एकच. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' कमांडने दोन्ही डिस्क जागेवर आहेत का ते तपासा, नसतील तर तिथेच थांबा. पहिल्यांदा 'मायनस एन' देऊन नुसती तालीम करा. जुन्या तारखांच्या प्रतीही हव्या असतील तर 'रेस्टिक' किंवा 'बोर्ग' वापरा. ही साधनं बॅकअप एन्क्रिप्ट करतात, म्हणून त्यांचा पासवर्ड हरवला तर बॅकअपही हरवला.

आणि दर तीन महिन्यांनी एक फोल्डर बॅकअपमधून वेगळ्या जागी परत आणा, फोटो उघडून बघा. 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची प्रकृतीही त्याच दिवशी तपासा.

बाहेरून का दिसत नाही?

राउटरच्या पानावर वॅन पत्ता बघा, आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बहुधा तुमची इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटते आहे. याला सीजीनॅट म्हणतात. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. तुमच्या सेटिंगमध्ये दोष नाही.

पर्याय असे. घरच्यांपुरताच वापर असेल तर टेलस्केल बसवा. ते वायरगार्ड या व्हीपीएनवर चालतं, सीजीनॅटमधूनही जोडणी होते, आणि इंटरनेटला एकही पोर्ट उघडा राहत नाही. सार्वजनिक पत्ता मिळत असेल तर थेट वायरगार्ड. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घेणं हा तिसरा मार्ग, पण खरी गरज असल्याशिवाय मी तो सुचवणार नाही. इमेलचा सर्व्हर मात्र घरी चालवू नका: घरगुती जोडणीवरून निघालेली पत्रं बहुतेक ठिकाणी स्पॅम ठरतात.

एसएसएच इंटरनेटला उघडं ठेवलंत तर काही तासांतच अनोळखी प्रयत्नांच्या नोंदी दिसू लागतात. म्हणून:

- किल्ली तयार करा, ईडी२५५१९ प्रकारची, आणि पासवर्डने प्रवेश बंद करा. बंद करताना उघडी खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून शिरता येतं का ते आधी बघा. नाहीतर मशीनला मॉनिटर जोडत बसावं लागतं.
- रूटला थेट प्रवेश नको.
- यूएफडब्ल्यू फायरवॉल लावा. पण कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने उघडलेली पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात, हे विसरू नका. जी सेवा फक्त त्याच मशीनला हवी, ती १२७.०.०.१ वर बांधा.

तुमचे हक्क आणि मर्यादा

लिनक्सचा कर्नेल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, बॅश तिसऱ्या. म्हणजे ते वापरणं, आतून बघणं, बदलणं, शेजाऱ्याला प्रत देणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मात्र नुकसान झालं तर भरपाईची हमीही कुणी देत नाही. विकत घेतलेल्या मशीनबद्दल दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, बिल जवळ हवं ते यासाठीच. घरगुती ब्रॉडबँडच्या अटींत सर्व्हर चालवण्याबद्दल काही कलम आहे का, सार्वजनिक पत्ता मिळेल का, हे कंपनीला इमेलने विचारा. फोनवरचं उत्तर पुरावा होत नाही.

सरावासाठी पोर्ट तपासणारी साधनं फक्त स्वतःच्या मशीनवर चालवा. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं. घरच्यांचे फोटो घरापुरते ठेवण्याला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही, कारण व्यक्तीने घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती त्यातून वगळली आहे. सोसायटीच्या सभासदांची कागदपत्रं 'जागा आहे तर ठेवतो' म्हणून घेतलीत, तर ती सवलत धरून चालू नका. असं काम नाकारलेलं बरं.

घरच्यांसाठी एक कागद

घरातले सगळे फोटो ज्या मशीनवर आहेत ते एकाच माणसाला चालवता येत असेल, तर त्याच्या आजारपणात किंवा त्याच्यामागे बाकीच्यांच्या हाती काहीच लागत नाही. तेव्हा मराठीत एक कागद लिहा: मशीन कुठे आहे, सुरू आणि बंद कसं करायचं, फोटो कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, बॅकअपची डिस्क कुणाकडे आहे, तिचा पासवर्ड कोणत्या पाकिटात आहे, आणि अडलं तर कोणत्या ओळखीच्या माणसाला फोन करायचा. कागद घरातल्या एकाच्या हाती द्या आणि तुमच्या मदतीशिवाय त्याच्याकडून एक फोटो बॅकअपमधून काढून घ्या. त्याला जमलं नाही तर कागद पुन्हा लिहा.